डोळे मिटा, सरपंच!

सुभेदार आता सांगलीला मुलीकडे असतात. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, गुडघ्यांवर तिथं इलाज चालू आहे, म्हणून दोघंही तिकडे गेले. तिथल्या अपार्टमेंटमधल्या लोकांना ते रविवारी सकाळी पार्किंगमध्ये जमवतात, खुर्च्या मांडायला लावतात आणि डोळे मिटायला सांगतात, अशी पक्की बातमी माझ्याकडे आहे. त्या लोकांना मी ओळखत नाही, पण मला त्यांचा फार कळवळा येतो. त्यांच्यातलं कोणी हे वाचत असेल तर एवढंच सांगते, शिट्टी वाजेपर्यंत डोळे उघडू नका. मध्येच उघडले तर ते पहिल्यापासून सुरू करतात.

मी गावची सरपंच होते तेव्हाची ही गोष्ट. कोरेगाव आणि रहिमतपूरच्या मधलं आमचं गाव. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं, घरच्यांनी मला उभं केलं आणि मी निवडून आले. रस्ता, गटार, नळ, दिवे यांवरून लोकांशी भांडायची माझी पूर्ण तयारी होती. भर दुपारी कार्यालयात डोळे मिटून बसावं लागेल, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात सुभेदार आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत काठी आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. चपला दाराबाहेर काढल्या त्यासुद्धा एका रेषेत. नमस्कार केला नाही, सलाम ठोकला.

"सरपंच, धा मिंटं द्या. डोळं मिटा."

मला वाटलं, मोतीबिंदूच्या शिबिराचं काहीतरी घेऊन आलेत. म्हटलं, "कशाला?"

"पयलं मिटा. फौजेत कशाला म्हणून इचारत न्हाईत."

"मी फौजेत न्हाई, सुभेदार."

"म्हणून तर धा मिंटं मागितली. फौजेत मागितली नसती."

मी नवी होते, माणूस वयानं मोठा. मिटले डोळे.

"धा वर्सं फुडं गेलाय तुमी. सकाळ झालीया. दार उघडलं, उजव्या हाताला वळला, चालत चालत वढ्यावर आला. काय दिसतंय?"

मला टेबलावर पडलेले पाणीपट्टीचे कागद दिसत होते. मी तसं सांगून टाकलं. त्यांनी शिट्टी अशी फुंकली की व्हरांड्यात डुलक्या घेणारा शिपाई ताडकन उठून उभा राहिला.

"फेल," सुभेदार म्हणाले. "उद्या परत येतो."

आणि आले. दुसऱ्या दिवशी आले, त्याच्या पुढच्या दिवशी आले, पावसाळी दिवस होते तर छत्री घेऊन आले. हळूहळू मला एक गोष्ट कळली. त्यांनी 'सरपंच' अशी हाक मारली की काम पंचायतीचं असायचं. 'सूनबाई' म्हणाले की समजायचं, आता आपली धडगत नाही.

ही विद्या त्यांना कुठं मिळाली, हे ते भेटेल त्याला सांगत. उत्तरेला कुठल्याशा बर्फातल्या चौकीवर त्यांची तुकडी होती. बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, आत मोजकी माणसं, करायला काही नाही. त्यांचे साहेब संध्याकाळी सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, आपापल्या गावातून एक चक्कर मारून या. मग एकानं आपलं गाव सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कोणाच्या गावात विहिरीवर पिंपळ, कोणाच्या गावात शाळेमागे डोंगर. "त्याच्यावर माणसं टिकली, सरपंच," सुभेदार म्हणत. "गाव डोळ्याम्होरं आलं की माणूस कशातनं बी निभावतो." ऐकायला छान वाटायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पुढं पुढं मात्र गोष्टीत बर्फ पडायला लागला की मी ग्रामसेवकाला हळूच खूण करायची, आणि तो आतून काहीतरी तातडीचं काम काढायचा.

सुभेदारांचं सगळं दुखणं ओढ्यापाशी होतं, आणि खरं सांगायचं तर गावाचंही. डोंगराकडून येणारा हा ओढा पूर्वी चांगला रुंद होता, बायका त्यात गोधड्या धुवायच्या. मग दोन्ही अंगांनी ऊस पुढं सरकत गेला. दर नांगरटीला कोणी वीतभर, कोणी हातभर. गावाच्या खालच्या बाजूला, जयसिंग आणि संपत या चुलत भावांच्या रानांमध्ये तर तो पार गटाराएवढा उरला होता. जयसिंगचं रान पूर्वेला, संपतचं पश्चिमेला. त्या चिंचोळ्यात पाणी तुंबायचं आणि मागं फिरून गावातल्या खालच्या आळीत शिरायचं. शिवाय ओढ्यात प्लास्टिक, नारळाच्या करवंट्या, फुटक्या कुंड्या, एक आख्खा सोफासेटसुद्धा होता. तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, पण तो पडला पंचायत सदस्याचा, म्हणून कोणी नाव घेत नव्हतं.

खालच्या आळीत हमीदभाईंचं गाद्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. कापूस पिंजायचं मशीन, कापडाचे तागे, भरलेल्या गाद्यांची थप्पी. कापसाच्या धंद्यात पाणी शिरलं म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. दर पावसाळ्यात हमीदभाई आणि त्यांच्या बायकोनं कापसाची पोती माळ्यावर चढवायची, पाणी ओसरलं की ओला कापूस टाकून द्यायचा आणि भिंतीवरचा चिखल खरवडायचा. मी सरपंच झाले त्या वर्षीही तेच झालं. हमीदभाईंच्या मेव्हण्याचं सांगलीत दुकान होतं, शेजारचा गाळा रिकामा होता, आणि तो बोलावत होता. हमीदभाईंनी मला पंचायतीत येऊन शांतपणे सांगितलं, "ताई, आता म्हातारपणी पोती न्हाई चढवू शकत. फुडल्या पावसाळ्यात बी ह्येच असंल तर मी सांगलीला जातो. राग मानू नका."

रागाचा प्रश्न नव्हता, मला लाज वाटली. आणि त्याच संध्याकाळी सुभेदार हजर. ते आणि हमीदभाई एका बाकावर शिकलेले, रोज सकाळचा चहा सुभेदार त्या दुकानाच्या पायरीवर प्यायचे. मला वाटलं, आता हा माणूस तरी काही कामाचं बोलेल.

"सूनबाई," ते म्हणाले, "समद्या गावाचं डोळं मिटाय पायजेत."

मी कपाळाला हात लावला. ओढ्याची मोजणी झाली पाहिजे, अतिक्रमण निघालं पाहिजे, एवढं साधं गणित होतं. पण पंचायतीनं मोजणी मागवली असती तर दोन्हीकडची शेतकरी मंडळी माझ्या दारात आली असती. संपत आमच्या पॅनेलचा, जयसिंग विरोधातला. हे दोघं जन्मात कधी एका बाजूला आले नव्हते, माझ्याविरुद्ध मात्र नक्की आले असते. हे सगळं मी सुभेदारांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "त्ये खरं हाय. पण पयलं दिसाय पायजे. ज्ये दिसत न्हाई, त्ये मानूस करंल कशाला?"

मग सुरू झालं. पुढच्या काही महिन्यांत त्या माणसानं गावात कोणाला सोडलं नाही. पिठाच्या गिरणीत दळण पडेपर्यंत लोकांचे डोळे मिटवले. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेल्या माणसाला ओढ्यावर नेऊन आणलं. बचत गटाच्या बायकांना एकदा त्यांनी देवळाच्या मंडपात बसवलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले, आणि तेवढ्यात कोणीतरी प्लास्टिकच्या कपात चहा आणताना दिसलं. सुभेदार तरातरा उठून त्याच्याशी वाद घालायला गेले ते थेट चहाच्या टपरीपर्यंत. टपरीवाल्याला काचेचे ग्लास का नाहीत म्हणून झापण्यात त्यांचा चांगलाच वेळ गेला. इकडे वीस-पंचवीस बायका शिट्टीची वाट बघत मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या. मी तिथं पोचले तेव्हा दोघी झोपल्या होत्या, आणि बाकीच्या डोळे न उघडता एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. गटाच्या अध्यक्षीणबाई मला म्हणाल्या, "काय बी म्हणा, लय दिसांनी इसावा मिळाला."

माझ्या चुलत सासूबाईंच्या दहाव्याचं तर बोलायलाच नको. कृष्णेच्या घाटावर आम्ही सगळे पिंडाभोवती उभे, ऊन चढलेलं, आणि कावळा काही शिवेना. रीतीप्रमाणे एकेक जण पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देत होता. धाकट्या मुलाला सांभाळू, लेकीचं माहेर तोडणार नाही, म्हशी विकणार नाही. कावळा नाहीच. तेव्हा सुभेदार घसा खाकरून पुढं झाले.

"कावळा यील कुठनं? बसाय झाड हाय का एक तरी? समद्यांनी डोळं मिटा. हितं धा वर्सांनी झाडं हायती. चिंच, करंज, जांभूळ. फांदी फांदीवर कावळा. बगा."

घरात मयत झालेली, माणसं थकलेली, कोणाला नाही म्हणायचं सुचलं नाही. मिटले सगळ्यांनी डोळे. शिट्टी वाजली, उघडले, तर पिंडातला अर्धा भात गायब! कावळा शिवला की कुत्र्यानं खाल्ला, हे बघायला एकाचेही डोळे उघडे नव्हते. त्यावरून घाटावर जे रणकंदन माजलं, ते मी लिहीत नाही. धाकटे दीर म्हणत होते शिवला, थोरले म्हणत होते शक्य नाही, आईचा जीव म्हशींतच अडकलाय. शेवटी दुसरा भात आणून पुन्हा थांबलो. सुभेदार एका बाजूला उभे राहून मला म्हणाले, "सरपंच, कुनाला झाडं दिसली का, त्येवढं इचारायचं राहिलं." मी त्यांना तिथंच घाटावरून ढकलून दिलं नाही, हे माझ्या सासरच्या संस्कारांमुळे.

त्यांच्या घरी काकूंसमोर मी एकदा तक्रार केली. काकू चुलीशी भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुमी कवा मिटता का डोळं?"

"मी डोळं मिटलं तर भाकरी करपंल," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापास्नं ह्योच कारेक्रम हाय. एकदा म्हणलं, मला मळ्यात बंगला दिसतोय. तवापास्नं मला इचारायचं सोडलं."

फेब्रुवारी सरला, कारखान्याची तोड आटपत आली. ऊस गेला, रानं मोकळी झाली, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना खोडवा फुटायला लागला. काही करायचं तर आता, पुढं पावसाळा. हमीदभाईंनी मेव्हण्याला गाळा धरून ठेवायला सांगितल्याचं कानावर आलं. मी ग्रामसभा लावली, ओढ्याचा विषय घेतला आणि कसं बोलायचं याची रात्रभर तयारी केली. सभेत उभी राहिले, तोंड उघडलं, आणि मागून आवाज आला, "सरपंच, धा मिंटं."

माझ्या जिवाचा नुसता तळतळाट झाला. पण लोक हसायला लागले, कोणी म्हणालं, द्या की ओ, आणि सुभेदार पुढं येऊन उभे राहिले. परेडचा आवाज, माईकची गरज नाही.

"एकदम चुप! डोळं बंद. धा वर्सं फुडं. सकाळ झालीया. वढ्यावर आलाय. बोला, काय दिसतंय?"

"मला मोबाईलला रेंज दिसतीया," एक जण म्हणाला.

"मला बाई एसटीत जागा मिळालीया," मागून एक आजी म्हणाली.

"वढ्यावर! एसटीत न्हाई!" सुभेदार गरजले. "जयसिंग, तू बोल. तुजं रान हाय तितं."

जयसिंग असा सहजी तोंड उघडणारा माणूस नव्हे. पण सगळ्यांसमोर नाव घेतलं, काहीतरी बोलणं भाग होतं. तो डोळे मिटून म्हणाला, "झाडं दिसत्यात."

सुभेदारांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर त्यांची दया आली. "शाब्बास! कसली?"

"जांभळीची. वळीनं लावल्याली. माज्या बांधावर."

"किती मोठी?"

"दोन पुरुष उंच. गच्च. काय सावली पडलीया!"

"कुटं पडलीया सावली?"

"सकाळ हाय न्हवं? पल्याड पडलीया."

पल्याड म्हणजे संपतच्या रानात. संपतनं खाडकन डोळे उघडले. "म्हंजी माज्या उसात? वसवा पडंल की माज्या उसाला!"

झाडाच्या सावलीखाली पीक खुरटतं, त्याला आमच्याकडे वसवा म्हणतात. ऊसवाल्याला शिवी दिली तर तो एक वेळ विसरेल, वसवा विसरणार नाही.

"पडू दे की," जयसिंग डोळे मिटूनच म्हणाला. "सांच्याला माज्या रानात पडतीया, तवा मी काय बोललो का?"

"झाडं तोड म्हणतो मी!"

"का तोडू? माज्या बांधावर हायती."

"तुजा बांध? आरं, ज्या बांधावर झाडं लावलीस त्यो बांध माजा हाय! आज्ज्यानं मला दावलाय!"

"आज्ज्यानं दावलाय तर मोजून घे!"

"घेतो की! भितो का काय!"

दोघंही उभे राहिले. कोणी कोणाची गचांडी धरली ते मला दिसलं नाही, कारण तोवर मध्ये पडणाऱ्यांचीच आपसात जुंपली होती. सभा मोडली. ओढ्याचा ठराव तसाच राहिला. सुभेदार मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते, हातात शिट्टी, ती वाजवायचीही राहून गेली होती.

मी त्यांच्यावर मनसोक्त ओरडले. गावच्या सुनेनं वडीलधाऱ्या माणसाला बोलू नये तसं बोलले. "झालं समाधान? एवढा एक दिवस मिळाला हुता, त्यो बी घालवलात. आता हमीदभाईंना काय तोंड दावू मी?"

ते म्हणाले, "झाडं दिसली, सरपंच. पानी कुनालाच दिसलं न्हाई." आणि काठी बगलेत मारून निघून गेले. दोन दिवस कार्यालयाकडे फिरकले नाहीत. मला हायसं वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी संपत अर्ज घेऊन आला. विषय : जयसिंग यांच्या जांभळीच्या झाडांमुळे उसाला होणारा वसवा.

मी म्हटलं, "संपतभावजी, झाडं कुठं हायत?"

"आज न्हाईत."

"मग?"

"वैनी, तुमी त्याला वळखत न्हाई. त्याला दिसली म्हंजी त्यो लावणार. आन् एकदा लावली की मग कोण तोडू देतंय? आजकाल परवानगी लागती."

मी त्याला पाणी दिलं, समजूत काढली, घरी पाठवलं. त्यानं घरी न जाता थेट कोरेगाव गाठलं आणि रानाच्या तातडीच्या मोजणीचा अर्ज भरला. ही बातमी जयसिंगला कळली तशी दुसऱ्या दिवशी त्यानंही भरला, म्हणजे आपण मागं राहिलो असं व्हायला नको. जी मोजणी मी पंचायतीतून मागवली असती तर या दोघांनी माझं सरपंचपद घालवलं असतं, तीच मोजणी दोघांनी स्वतःहून, पैसे भरून मागवली. तीसुद्धा न लावलेल्या झाडांसाठी!

मोजणीच्या दिवशी सगळं गाव ओढ्यावर. मोजणीदार तरुण होता, टोपी घातलेला, बरोबर तिपाईवरचं यंत्र. त्यानं अर्ज वाचला, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "वादातली झाडं कुठली?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी संपतनं ओढ्याच्या काठावर जाऊन हवेत हात केला. "हितनं सुरू व्हत्यात. त्या तिथवर."

मोजणीदारानं माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

त्यानं दुपारपर्यंत मोजलं. मग चुना टाकत निघाला. ओढ्याची हद्द म्हणून पांढरी रेघ पूर्वेकडे जयसिंगच्या खोडव्यात घुसली ती आठ-दहा सऱ्या आतपर्यंत. तिथून पश्चिमेला संपतच्या रानात गेली, तिथंही तेवढीच आत. बांध ना ह्याचा निघाला ना त्याचा. दोघं जिथं उभे राहून भांडत होते, ती सगळी जागा ओढ्याची होती. गावाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ठाऊक असणं निराळं आणि चुन्याची रेघ निराळी.

आता संपतचं म्हणणं पडलं, "आदी त्याचं काडा." जयसिंग म्हणाला, "आदी त्याचं." दोघांनाही आपली जमीन गेल्याचं दुःख होतं, पण दुसऱ्याची राहतेय की काय याची धास्ती जास्त होती. मी ती संधी सोडली नाही. दोन जेसीबी बोलावले, दोन काठांवर दोन. पण पहिलं बकेट कोणाच्या रानात पडणार, यावरून पुन्हा अडलं. तेव्हा कोणीतरी खालच्या आळीतून सुभेदारांना बोलावून आणलं. ते आले, मधल्या दगडावर उभे राहिले, दोन्ही ड्रायव्हरांकडे आळीपाळीनं पाहिलं, आणि शिट्टी फुंकली. दोन्ही बकेटं एकदम खाली आली. त्या शिट्टीचा त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला नाही.

पुढं काम आपसूक वाढत गेलं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी पाहिलं की आता मोजणी आपल्याकडे सरकणार, तेव्हा त्यांनी रातोरात आपापल्या सऱ्या मागं घेतल्या आणि आम्ही आधीपासूनच इथं होतो असा चेहरा केला. बचत गटाच्या बायकांनी पदर खोचून ओढ्यातलं प्लास्टिक वेचलं. सोफासेट ज्याचा होता त्याच्याच ट्रॉलीतून गेला. ओढ्याला पुन्हा दोन काठ दिसायला लागले. लोक म्हणायला लागले, सुभेदारांनी करून दाखवलं. माझ्या नशिबी एवढं कौतुकही आलं नाही, आणि मी एवढी वैतागलेली होते की तेही मनावर घेतलं नाही.

वैतागायला कारण होतं. एवढं होऊनही हमीदभाईंनी सांगलीचा बेत सोडला नव्हता. "ताई, तुमी लय केलंत," ते म्हणाले. "पर पाण्याचा काय भरवसा? पानी आत आल्यावर सामान काडत बसन्यापेक्षा आदीच गेल्यालं बरं."

श्रावणात पाऊस लागला आणि उघडायचं नाव घेईना. तिसऱ्या सकाळी मी खालच्या आळीत गेले. मेव्हण्याचा टेम्पो आदल्या दिवशीच येऊन दुकानाच्या दाराला पाठ लावून उभा होता. तागे, पोती, गाद्या चढवून झाल्या होत्या, वरून ताडपत्री, दोऱ्या आवळलेल्या. पिंजायचं मशीन तेवढं आत राहिलं होतं. सुभेदार पायरीवर बसलेले. हमीदभाई दाराशी उभे. ओढा दोन्ही काठ भरून चालला होता, तांबडं पाणी, वेग असा की बघवेना. पण तो चालला होता. त्या चिंचोळ्यापाशी आता थांबत नव्हता, सरळ पुढं जात होता. पाणी आळीच्या फरशीपासून दोन हात खाली, ना वर चढत होतं ना उतरत होतं.

दुपारी पाऊस थांबला आणि पाणी उतरायला लागलं. आळीतली माणसं दारं उघडून बाहेर आली. हमीदभाईंनी ओढ्याकडे पाहिलं, टेम्पोकडे पाहिलं, मग वर चढले आणि दोरी सोडायला लागले.

"फौजी, बसलाईस काय? धर की पोतं!"

सुभेदार उठले, पण पोत्याला हात लावून तसेच थांबले. पोतं हमीदभाईंनीच खांद्यावर घेतलं. मी एक गादी उचलली आणि दुकानात शिरले. सुभेदार माझ्या मागून आत आले आणि भिंतीला धरून उभे राहिले. त्यांच्याकडे बघून मला इतकं भरून आलं आणि नेहमीप्रमाणे तेवढाच राग आला.

"सुभेदार, खरं सांगा. एवडी वर्सं लोकांना डोळं मिटाय लावताय. तुमाला ह्येच दिसत हुतं का?"

"मला?" ते म्हणाले. "मला कुटं काय दिसतंय?"

"म्हंजी?"

"डोळं मिटलं की काळं. मला कवाच काय दिसलं न्हाई, सूनबाई. दुसऱ्याला दिसतंय म्हणत्यात, म्हणून इचारतो."

मी हातातली गादी खाली टाकली. कार्यालयातले ते सगळे तास, तो घाट, ती मोडलेली ग्रामसभा, सगळं डोक्यात एकदम उसळलं. "म्हंजी वढा मोकळा झाल्यावर कसा दिसंल, ह्ये तुमालाच म्हाईत नव्हतं?"

"न्हाई."

"मग एवडा जीव कशापायी खाल्लात आमचा?"

हमीदभाई आतल्या खोलीत पोत्यावर पोतं रचत होते. सुभेदारांनी तिकडे पाहिलं. त्या माणसाला खालच्या आवाजात बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"हमीद जातो म्हणला, तवा ह्या पायरीवर बसून डोळं मिटलं. त्यो गेल्यावर ही आळी कशी दिसंल, त्येवडं तरी बगू म्हणलं. लय डाव बगितलं, सूनबाई. न्हाई दिसली."

मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं. खाली टाकलेली गादी मी उचलली, उलटी करून हात फिरवून पाहिली. कोरडी होती. आत नेऊन ठेवली.